पेसमेकरची झोप

रविवारचं जेवण उरकून हेमंत आडवा झाला, तेवढ्यात त्याच्या छातीतल्या पेसमेकरचा निरोप फोनवर आला. नवी आवृत्ती बसवली आहे. बॅटरी आता तीन वर्षं जास्त टिकेल.

"बघ, बॅटरी बदलायचं ऑपरेशन लांबलं," तो खुशीत म्हणाला.

चारुशीला, त्याची बायको, मात्र चपापली. पेसमेकरचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला होता आणि पूर्वी तीही त्यावर काम करायची. आता दुरुस्त्या, चाचण्या, वाटप सगळं एक स्वयंचलित यंत्रणाच करत होती. माणसांनी तो वाचणंही सोडून दिलं होतं.

"तीन वर्षं फुकट कोण देतं? हेमंत, झोपू नकोस."

"अगं, डोळे मिटताहेत माझे."

"उठून बस म्हणते ना!"

लॅपटॉप उघडून ती बदललेल्या ओळी वाचू लागली. माणूस झोपला की प्रोसेसरही झोपणार होता आणि हृदयाचा ठोका पडला की जागा होणार होता. ठोका पडलाच नाही, तर त्याला उठवणारं कोणी नव्हतं. चाचणीतल्या कृत्रिम हृदयांचा ठोका कधी चुकतच नव्हता, म्हणून हे पकडलं गेलं नव्हतं.

तिने दुरुस्ती लिहून पाठवली. काही मिनिटांतच यंत्रणेने ती तपासली, आभार मानले आणि जगभर पाठवूनही दिली. हेमंतच्या फोनवर पुन्हा निरोप आला: नवी आवृत्ती बसवली आहे.

"आता झोपू?"

तिने नवी आवृत्ती अथपासून इतिपर्यंत वाचली. दोष दूर झाला होता.

"झोप," ती म्हणाली.

तो घोरायला लागला, तरी तिने त्याच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत.