फिरती खोली

केशवराव स्वतःच्याच गाडीत अडकले तेव्हा पावणेदहा वाजले होते, आणि दहाला गिऱ्हाईक येणार होतं.

गाडी म्हणजे जीपमागे जोडायची फिरती खोली. आत पलंग, शेगडी, बेसिन. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या त्यांच्या गल्लीत ती आठवडाभर उभी होती. देशाचा बाजार खुला होऊन तीन वर्षं झाली, आता लोक अशी गाडी भाड्यानं घेऊन सहलीला निघणारच, अशी केशवरावांची खात्री होती. आज गिऱ्हाईक पटलं तर सोमवारी ऑफिसात राजीनामा. नाही पटलं तर सोमवारी ऑफिसात केशवराव. बायकोशी, त्रिवेणीशी, त्यांचा एवढाच सौदा ठरला होता.

गिऱ्हाइकाला गाडीतला चहा पाजावा म्हणून ते आत गेले. रुबाब दिसावा म्हणून आधी भिंतीला दुमडलेला पलंग खाली पाडला. मग शेगडी पेटेना. मग घरोघरी करतात तेच त्यांनी केलं. पलंगाखाली हात घालून रेग्युलेटर गदागदा हलवला. शेगडी पेटली नाहीच, पण सिलिंडर सूं करायला लागला. केशवराव दाराकडे वळले. दार आत उघडणारं होतं आणि दारात पलंग आला होता. पलंग उचलावा तर त्याची खिटी अडकलेली.

खिडकी होती. तिला गज होते. चोरांसाठी.

बाहेर गल्ली जमली. गाडी बांधणारे वेल्डर गौसभाई जीप जोडायला आलेच होते. ते खिटी तोडायला हातोडा घेऊन धावले, गॅसचा वास आला तसे जागीच थांबले आणि हातोडा तान्ह्या बाळासारखा हळूच खाली ठेवला.

"नक्को," ते म्हणाले. "चिंगारी उडी तो साब भी उडते."

शेजारचे नामदेवराव रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं की हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, तेव्हा केशवरावांनी वर राहावं. केशवराव पलंगावर चढले. छत इतकं जवळ आलं की मान मोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभं राहावं लागलं. मास्तर म्हणाले, उत्तम.

मग मास्तरांनी चौकशी सुरू केली. परदेशी मासिकातल्या ज्या चित्रावरून गाडी बांधली, त्यात सिलिंडर बाहेर, पुढच्या दांड्यावर होता ना? होता. पण सात वर्षं नंबर लावून मिळालेला सिलिंडर रस्त्यावर कोण ठेवतं? केशवरावांनी तो पलंगाखाली घेतला होता आणि गौसभाईंकडून त्याच्याभोवती गजांचा पिंजरा वेल्ड करून घेतला होता. दार नको, कुलूप नको, किल्ल्या हरवतात. चहूबाजूंनी पक्का.

"संपल्यावर बदलणार कसा होता?" त्रिवेणीनं विचारलं.

हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता. गौसभाई आपल्या चपलांकडे बघू लागले.

मास्तरांनी निदान केलं. आतलं वायसर गेलंय. पिंजऱ्यात हात घालून रेग्युलेटर उचलायचा आणि सिलिंडरच्या तोंडावर त्याची प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवायची. सिलिंडरला दोरीनं बांधून येते ती. ती दोरी मध्ये लुडबुडते म्हणून त्रिवेणीनं केव्हाच कापली होती, आणि टोपी तेव्हापासून खाण्याचा सोडा मोजायच्या कामी होती. त्रिवेणी घरात गेली, टोपी धुऊन, पुसून घेऊन आली. खिडकीच्या गजांतून हात आत घातला. केशवरावांनी टोपी धरली. तिनं सोडली नाही.

"सोमवारी ऑफिसात जातो म्हणा," ती हळू आवाजात म्हणाली.

खाली सिलिंडर सूं करत होता. केशवरावांनी तशाच मोडलेल्या मानेनं तिच्याकडे पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण तो वर करायला हात मोकळा नव्हता.

"तिथंही छत एवढंच आहे गं," ते म्हणाले.

 त्रिवेणीनं टोपी सोडली.

केशवरावांनी श्वास कोंडला आणि पलंगावर पालथे पडून डोकं आणि हात खाली घातले. गल्लीला त्यांचे फक्त तळपाय दिसत होते. ते एकदा थरथरले. सूं थांबलं.

वास जाईपर्यंत तासभर हातोडा चालणार नाही, असं मास्तरांनी जाहीर केलं. केशवराव पुन्हा खिडकीशी येऊन वाकून उभे राहिले, तेवढ्यात स्कूटरवरून गिऱ्हाईक आलं. कौस्तुभ आणि गौरी, मूळचं पुण्याचं जोडपं, दोघंही कंप्युटरमधली. पुढच्या शनिवारी त्यांना नागार्जुनसागरला जायचं होतं. दोघांनी गाडीला एक फेरी मारली, चाकं पाहिली, खिडकीतून आत पाहिलं आणि बराच वेळ केशवरावांकडे पाहिलं. केशवराव हसले.

"आत जे दिसतंय," कौस्तुभनं विचारलं, "ते सगळं भाड्यात धरलंय का?"

केशवराव हो म्हणायला मान वर करायला गेले आणि डोकं छताला आपटलं.  त्रिवेणीनं पदरानं हात पुसले आणि पुढे आली.

"न्या की," ती म्हणाली. "फक्त दोन दिवस आधी कळवा. यांना बाहेर काढून ठेवते."