कळपाचा कायदा

औंदा कळपातली एकही मेंढी गाभण राहिली नाही. सटवाजीनं मेंढ्यांना बोल लावला नाही, देवरशीही गाठला नाही. सरळ मेंढा कळमनुरीच्या बाजारात नेऊन खाटकाच्या हवाली केला. बापजाद्यांचा कायदाच तसा : कळप रिकामा राहिला की नर बदलायचा.

त्याच आठवड्यात हिंगोलीचा डॉक्टर त्याला म्हणाला, "बाबा, सुनेत काही खोट नाही. दोष तुमच्या मुलात, प्रभूत आहे. अंडाशेजारची शीर फुगलीय. लहानसं ऑपरेशन केलं तर लेकरू होऊ शकतं."

सटवाजी पेटला. "माझ्या पोराला चाकू लावता? ऑपरेशन करायचंच आसंल तर सुनेचं करा. आमी कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. सटवाजीनं घरी येऊन फर्मान सोडलं, "उद्या पुसेगावला. प्रभूसाठी दुसरी पोरगी बघायची."

सकाळी प्रभू दाढी घोटून, पावडर थापून जीपजवळ आला. बघतो तर आत त्याची बायको सीमा, लग्नातली साडी नेसून ऐसपैस बसलेली.

"तू कुठं गं निघालीस?" सटवाजी ओरडला.

"तुमच्यासंगंच, मामा," सीमा सासऱ्याला म्हणाली. "तुमी सून बघा, मी नवा मेंढा बघते. कायदा तुमचाच हाय न्हवं?"

प्रभूला कळमनुरीचा खाटीक आठवला.

"बा," तो हळूच म्हणाला, "गाडी दवाखान्याकडं घ्यायला सांग."