दोन चुका माफ

“कार्डधारकाचं वय एकाहत्तर,” तपासनीस बाईंनी कागदावरचं वाचून दाखवलं. “खरेदी मंगळवारी सकाळी. गरोदरपणा तपासायची पट्टी, एक नग.”

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काकूंनी तेहतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले होते. मोडलेली लग्नं, भावाभावांची भांडणं, काय काय कानावरून गेलं, पण त्यातला एक शब्द त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. गप्प बसायचाच पगार मिळायचा म्हणा ना. पण तेव्हा समोर कोणी कागद घेऊन बसत नसे.

पट्टी शेजारच्या सुनेसाठी होती. हल्ली मीठ घ्या नाहीतर मोजे घ्या, आपापलं सरकारी कार्ड लावल्याशिवाय दुकानदार पिशवी हातात देत नाही, आणि कार्ड लावलं की सरकारला कळतं. मागच्या वर्षी सुनेने स्वतःच्या कार्डावर अशीच पट्टी घेतली, पाठोपाठ लोहाच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचं अभिनंदनाचं पत्र आलं, तेही सासऱ्यांच्या हातात. तिने नवऱ्याला सांगायच्या आत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. नवव्या आठवड्यात सगळं संपलं. मग तेही तिला प्रत्येकाला सांगत बसावं लागलं. वर खात्याच्या बाई दर महिन्याला येऊन विचारायच्या, आता पुढचा काय विचार आहे? या वेळी ती काकूंच्या ओट्याला टेकून एवढंच म्हणाली होती, की काकू, थोडे दिवस तरी हे माझं एकटीचं राहू दे.

काकूंनी लगेच पिशवी उचलली होती. म्हातारीच्या कार्डाकडे कोण बघतंय, असं त्यांना वाटलं. त्यावर असायचं काय, तर दूध, पाव, रक्तदाबाच्या गोळ्या आणि शब्दकोड्यांचं मासिक. नेमक्या इथेच त्या फसल्या. एखाद्या माणसाने कानाडोळा केला असता. यंत्राने त्यांचं वय बघितलं आणि नावापुढे लाल खूण करून टाकली.

तपासनीस बाई असतील पस्तिशीच्या. आजचं हे त्यांचं सातवं घर होतं, आणि तीन जिने चढून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंनी चहा पुढे केला, तर त्यांनी कप दोन बोटांनी टेबलाच्या पार कडेला सरकवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. चहालासुद्धा नाक मुरडते मेली, काकूंच्या मनात आलं. मग बाईंनी पाणी मागितलं आणि घोट घोट करत दोन पेले संपवले.

नियम त्यांनी सांगितला तो पाठ केलेला असावा तसा, एका सुरात. कार्ड दुसऱ्यासाठी वापरलं असेल, तर ते तीन महिने बंद. ज्याच्यासाठी वापरलं त्याचं नाव दिलं, तर ताकीद देऊन सोडतात आणि त्या माणसाची नोंद होते. नाव सांगितलंत की मी उठलेच, असंही त्या म्हणाल्या. त्यांना खरंच उठायचं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

तीन महिने म्हणजे गोळ्यासुद्धा बंद. काकूंना भीती वाटली, चांगलीच वाटली. भिंतीपलीकडे नळ वाहत होता, तो मध्येच बंद झाला. सून कान देऊन उभी असणार.

“जन्मभर दुसऱ्याचं ऐकलं, बाई,” काकू म्हणाल्या. “सांगितलं कधीच नाही. करा बंद.”

तपासनीस बाईंनी पेन उघडलं आणि बराच वेळ नुसतंच धरून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, चष्मा कुठे असतो तुमचा? काकूंनी फ्रिजवर बोट दाखवलं. बाई लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता पुटपुटत गेल्या. कार्डधारक खरेदीच्या वेळी चष्मा घरी विसरल्या. ताप बघायची पट्टी समजून घेतली. हेतू दिसत नाही.

“ज्येष्ठांना वर्षातून दोन चुका माफ असतात,” त्यांनी कागद सहीसाठी पुढे केला. “ही पहिली.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. सही मात्र अशी वाकडीतिकडी झाली की चष्म्याची गोष्ट कोणालाही पटावी. आभार मानावेत की मानू नयेत हे त्यांना कळेना, म्हणून त्या नुसत्याच दारापर्यंत गेल्या. तपासनीस बाईंनी बॅग खांद्याला अडकवली. त्या जिन्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि खाली उतरेनात. दमल्यात, काकूंना वाटलं, त्यांनी पुन्हा बसा म्हटलं. बाईंनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, की ऑफिसातल्या माणसांची कार्डं सगळ्यांच्या आधी तपासतात, सोमवारी सकाळी. त्यांचं स्वतःचं कार्ड तर त्यांच्या शेजारच्याच टेबलावर तपासलं जातं, आणि त्या टेबलावर काहीही लपत नाही, पट्टी तर नाहीच.

त्यांनी शेजारच्या बंद दाराकडे एकदा बघितलं.

“काकू,” त्या म्हणाल्या, “तुमची एक चूक अजून शिल्लक आहे. ती मला द्याल?”