आपोआप लागणारा एसी

अनुजाच्या इलेक्ट्रिक गाडीतला एसी रोज सकाळी ती कारपार्कमध्ये पोचायच्या आधीच आपोआप लागायचा. सॉफ्टवेअर बिघडलं असेल म्हणून तिने गाडी सर्व्हिस सेंटरला नेली.

"नो फॉल्ट लाह, मॅडम!" तिथला मेकॅनिक स्थानिक लकबीत म्हणाला. " दुसऱ्या फोनवरून कुणीतरी ॲपमधून लावतंय. तो फोन काढून टाकू?"

दुसरा फोन नवऱ्याचा, परेशचा. दोन महिन्यांपूर्वी तो तिच्याशी भांडून जहाजावर नोकरीला गेला होता. तेव्हापासून ना त्याचा फोन, ना तिचा.

"नको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी ती गारेगार गाडीत बसली आणि तिने एसी बंद केला.

क्षणभराने तो लागला.

तिने बंद केला.

पुन्हा लागला.

"हट्टी कुठला!" ती पुटपुटली, आणि ऑफिसला उशीर होत असतानाही तिने पुन्हा एकदा बंद केला.