गाऱ्हाणं लाइव्ह

बसचं इंजिन घुरघुरायला लागलं आणि चारकोपच्या त्या सोसायटीत एकच कल्ला झाला. "नारळ! अरे, नारळ खंय आसा?"

चतुर्थी चार दिवसांवर आलेली. पंधरा खोल्यांना कुलपं लागली होती आणि सगळी बिऱ्हाडं गावाला निघाली होती. पण बसच्या चाकापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय चाक हलायचं नाही, आणि ते घालायचं धाकूकाकांनीच. काकांचा आवाज असा, की माइक समोर धरणं म्हणजे माइकचा अपमान.

ऋतिकाने मोबाइल उंच धरला. "नमस्कार मंडळी! चारकोपवरून डायरेक्ट कोकण! काका, जोरात हां, आपण लाइव्ह आहोत!"

"घे तर!" म्हणत काकांनी टोपी सारखी केली. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी सोसायटी गरजली.

"आज तुझी लेकरां गावाक निघाली हत!"

"व्हय म्हाराजा!"

दोनशे लोक बघत होते. मग तीनशे. स्क्रीनवर नुसते बदाम उडत होते. 'अंगावर काटा आला काका', 'झकास', 'डोळ्यात पाणी'. ऋतिकाला तर आनंदाने कुठे नाचू असं झालं होतं. एवढी माणसं तिच्या लाइव्हवर याआधी कधी आली नव्हती.

काकाही रंगात आले. देवाला सांगायचं तर मोघम सांगून कसं चालेल? नावागावासकट सांगायला हवं. "दुसऱ्या माळ्यावरची कुंदा! किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवन इली हा, तिचा घर सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ओ काका, किल्लीचा कशाक सांगतास?" कुंदा पुटपुटली.

"गप गो! देवापासून लपवतलंस? रूम नंबर बारा, रत्नप्रभा! तिच्या चेडवाचा लगीन मार्गशीर्षात आसा. दागिने लोखंडी कपाटात आसत. घर बारा दिवस बंद रवतला. चोराची नजर पडूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" यात ऋतिकाचाही आवाज होता. ते चेडू, रत्नप्रभाची लेक, म्हणजे तीच की!

आणि तेवढ्यात खाली एक ओळ आली. फोटो नसलेलं कोणीतरी होतं. 'बारा दिवस पूर्ण बंद? सेक्टर कुठला?'

ऋतिकाने ती वाचेपर्यंत सोसायटीतल्याच, पण आता दुबईला असलेल्या विकीने अभिमानाने उत्तरही देऊन टाकलं होतं. 'आमचीच बिल्डिंग भावा! सेक्टर तीन, मारुतीच्या देवळामागे!'

 ऋतिकाने लाइव्ह खटकन बंद केलं. "थांबा! काका, थांबा!"

"गाऱ्हाना अर्ध्यार तोडलंस?" काका कडाडले.

तिने त्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या.  ड्रायव्हरने आपण होऊन इंजिन बंद केलं.

रत्नप्रभा बसच्या पायरीवरून खाली उतरली. "बाये, वर्षभर माझ्या मागे लागलंस. ओटीपी सांगा नको, फोनवर कोणाक काय सांगा नको. आणि आज माझा कपाट अख्ख्या दुनियेक दाखयलंस?"

"आई, चुकलं गं. खरंच चुकलं." ऋतिका रडकुंडीला आली होती. "मित्रमंडळींपुरतं ठेवायचं होतं. मी सगळ्यांना दिसेल असं ठेवलं."

"तुमी जावा. मी रवतंय. घर राखूक कोणीतरी होया."

"असं काय करतेस? लग्नाआधीचा माझा शेवटचा गणपती आहे! तुझ्याशिवाय जाऊ मी?"

 रत्नप्रभाने पदराने नाक पुसलं. ते पाहून ऋतिकाने डोळे पुसले आणि कंबर कसली.

"कोणी राहायचं नाही! दहा मिनिटं द्या मला. कुंदाकाकी, आधी किल्ली उचल. आई, वर चल, कपाट रिकामं करू. ज्याचं जे किमती असेल ते बरोबर घ्या. धावा!"

आणि अख्खी सोसायटी जिन्याकडे सुटली. कुंदा तर अनवाणीच पळाली. ऋतिकाने जिना चढता चढता व्हिडिओ उडवला, त्या बिनफोटोवाल्याला ब्लॉक केलं, विकीला फोन लावून त्याची मनसोक्त खरडपट्टी काढली. वॉचमन दशरथला काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आजपासून दोघं बसतो गेटवर. माझ्या भावाला बोलावतो."

बरोबर दहा मिनिटांनी सगळे परत बसपाशी. रत्नप्रभाच्या कडेवर मोदकाच्या पिठाचा डबा होता, आणि तो तिने तान्हं मूल धरावं तसा धरला होता.

"वयनी, पीठ गावाकपण मिळता की..." काकांनी तोंड उघडलं, डब्याकडे एकदा नीट बघितलं आणि पटकन मिटलं.

मोडलेलं गाऱ्हाणं पहिल्यापासून घालायला हवं होतं. काकांनी आधी सगळ्यांना मोबाइल खिशात टाकायला लावले. ड्रायव्हरलासुद्धा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या घरात काय आसा," काका दमदारपणे म्हणाले, आणि थांबले. सगळे श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "तां तुका ठावक आसा! माका बोलूक लावू नको!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज रत्नप्रभाचा होता.