धुऱ्यावरची कण्हेर

छाटलेल्या कण्हेरीचा ढीग अर्धा विस्कटला होता आणि भोवती बैलांच्या खुरांचे ठसे होते. सूर्यभान तिथंच उभा राहिला.

कण्हेर त्यानंच लावली होती. अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून बोंड न् बोंड राखावं लागे. ओल्या कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही. म्हणून त्यानं पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर फांद्या खोचल्या, पहिला उन्हाळा विहिरीचं पाणी वाहून जगवल्या, छाटून छाटून दाट केल्या. बारमाही हिरवं कुंपण गुलाबी फुलांनी भरलं.

पण छाटलेली फांदी वाळली की जनावर तिला फसतं, आणि खाल्लं की वाचत नाही. "आजच जाळून टाका," त्याची बायको पार्वताबाई आदल्या दिवशी म्हणाली होती. त्यानं उद्यावर टाकलं.

शेजारचा नत्थुजी त्याच पहाटे धुऱ्यावरून बैलजोडी घेऊन चांदूर बाजारला गेला होता, नाल ठोकायला. संध्याकाळी परतला तो एकटाच. खांद्यावर नुसते कासरे.

"जोडी कुठं हाय?" सूर्यभाननं विचारलं.

"वाटेतच पडली. तिथंच पुरली."

"कायनं?"

"आता इचारून काय फायदा, भाऊ."

जोडी नत्थुजी आणि त्याचा पातूरचा भाऊ, दोघांच्या सामायिकीतली. भाऊ येऊन रडून गेला. नत्थुजी मात्र गप्प. त्याला सगळं समजलंय आणि तो आपल्याला बोल लावत नाही, असं सूर्यभाननं मनाशी धरलं.

उरलेला ढीग त्यानं जाळला. मृग लागताच आधी नत्थुजीचं वावर पेरून दिलं, मग आपलं. उशिरा पेरलेलं त्याचं पीक अर्धंच आलं. ते त्याला बरंच वाटलं.

तुळशीच्या लग्नानंतर नत्थुजीनं आपल्या मुलासाठी, भगवंतासाठी, सूर्यभानची लेक शकुन हिला मागणी घातली. भगवंताची पहिली बायको मार खाऊन माहेरी निघून गेलेली. शकुनचं अचलपूरला जमत आलं होतं.

"काहून देऊन राह्यले पोरीले त्या घरात?" पार्वताबाईनं विचारलं.

"त्याचं आपल्यावर देणं हाय."

"कायचं देणं?"

सूर्यभान पागोटं उचलून बाहेर गेला.

माघात लग्न झालं. दिवाळीला शकुन माहेरी आली. वाळली होती. पार्वताबाई तिच्या दंडाला हळद-तेल चोळत होती. सूर्यभानला तिकडं बघवेना.

"नत्थुजी बैलांची याद काढते काय अजून?" त्यानं भिंतीकडं पाहत विचारलं.

"मामाजी? काढतेत ना. हासत हासत सांगतेत," शकुन म्हणाली. "पातूरच्या काकाले वाटा देणं पडू नये म्हणून मेले म्हणून सांगतलं. जोडी तं त्या दिवशी बाजारातच इकली."