जनरलसाहेबांचा हुकूम

१९३९ सालचा ऑगस्ट. पुण्याच्या कमांडवर नवे जनरलसाहेब आले आणि देवळालीच्या छावणीत त्यांचा पहिला हुकूम पोचला, की प्रत्येक शिपायाचा फोटो काढायचा. हे काम नाशिकच्या रविवार कारंज्यावरच्या वेणीमाधव फोटोग्राफरला मिळालं. एवढं मोठं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

येवल्याच्या विणकराचा मुलगा शौकत खुर्चीवर बसला आणि लाजत म्हणाला, "काका, माझा एक जादा छापा ना. भरती झाल्यापासून अम्मीनं मला पाहिलं नाय."

वेणीमाधवला पोराची माया आली. कॅमेरा तसाच सोडून तो हवालदाराकडे गेला. "ह्याच्या आईला एक प्रत पाठवू का?"

"जादा छापायची परवानगी नाही," हवालदार म्हणाला. "सगळ्या प्रती कमांडच्या कचेरीत राहतील. वेळ आली की साहेब तिथूनच ज्याच्या त्याच्या घरी धाडतील."

वेणीमाधवनं तिथूनच हाक दिली, "शौकत, काळजी सोड. तुझा फोटो खुद्द जनरलसाहेब तुझ्या अम्मीला पाठवणार आहेत."

शौकतचा चेहरा उजळला. तो टोपी नीट करून ताठ बसला. वेणीमाधव लगबगीनं कॅमेऱ्याकडे निघाला, तेव्हा हवालदारानं त्याचा दंड धरला आणि आवाज खाली आणला.



"वेणीमाधवराव, तो फोटो त्याच्या आईच्या हाती कधीच न पडो, एवढं देवाजवळ मागा."